सागाचं जुनं रोपवन फार दाट झालंय, विरळणी करावी का? (सामूहिक वनहक्काचं जंगल, गडचिरोली)

सचिव_कुरखेडा

नमस्कार मंडळी. मी कुरखेडा तालुक्यातल्या एका गावच्या वन व्यवस्थापन समितीची सचिव आहे. गावाला सामूहिक वनहक्क मिळून काही वर्षं झाली. आमचं बहुतेक जंगल मिश्र आहे. मोह, येन (ऐन), धावडा, तेंदू, चार (चारोळीचं झाड) आहेत आणि टेकडीच्या पलीकडे बांबू आहे. त्याचं काय करायचं हे गावाला कळतं. अडचण आहे ती नाल्याच्या वरच्या अंगाला असलेल्या तीसेक हेक्टरांच्या सलग तुकड्याची. ते १९८८ सालचं सागाचं रोपवन आहे, लागवड २ मीटर बाय २ मीटरवर. रोपं आठ-दहा वर्षांची असताना एकदा एकाआड एक तिरपी ओळ कापून नेली होती, असं म्हातारी माणसं सांगतात. त्यानंतर तिथे कुऱ्हाड गेलेली नाही.

आत शिरलं की सगळी झाडं उंच, सडपातळ, आणि हिरवं काय ते फक्त शेंड्याला. खाली गवत नाही, रोप नाही. उन्हाळ्यात पाचोळा असतो, तोही दर दोन-तीन वर्षांनी वणव्यात जातो. मग पहिल्या पावसात नाल्याला लाल पाणी येतं. आधी हा नाला होळीपर्यंत वाहायचा, आता संक्रांतीलाच डबकी उरतात. पाऊस कसा झालाय ते तुम्हालाही माहीत आहे. रोहिणी-मृग कोरडे, मग जुलैत दोन-तीन दिवसांत सगळं धो धो, आणि ऐन श्रावणात पंधरा-पंधरा दिवस उघाड. गेल्या दोन वर्षांत टेकाडावरची काही झाडं शेंड्याकडून वाळायला लागलीत. ऑगस्ट-सप्टेंबरात पानांची जाळी होते ती वेगळीच.

एका प्रशिक्षणात मोजणी शिकवली होती, तशी आम्ही केली. ५.६४ मीटरची दोरी घेऊन गोल आखायचा, म्हणजे बरोबर १०० चौरस मीटर होतात, आणि आतली झाडं मोजायची. कुठे ८, कुठे ११ भरली. सरासरी साडेनऊ, म्हणजे हेक्टरी ९५० च्या आसपास. छातीच्या उंचीवरचा घेर बहुतेकांचा ४० ते ५५ सेंटिमीटर. नाल्याच्या कडेला मात्र ८०-९० ची काही झाडं आहेत.

ग्रामसभेत तीन मतं आहेत. तरुण मुलं म्हणतात, अर्धी झाडं काढून टाका. बाया म्हणतात, त्या सागात ना सात्या (रानातली अळिंबी) उगवत, ना काटवल (करटोली), ना चार, गेला तर आमचं काय जातं! आणि आमचे एक आजोबा म्हणतात की ऊन पडलं की रायमुनिया (घाणेरी) घुसेल, मग बसा बोंबलत.

तर हेक्टरी किती झाडं ठेवावीत, असा काही पक्का आकडा आहे का? आणि विरळणीचे जुने तक्ते या बदललेल्या पावसात चालतात का?

सह्याद्री_भटक्या

ताई, राग मानू नका, पण आधीच जंगल संपत चाललंय. उष्णता वाढत असताना उभी झाडं कापायचा विचारच कसा येतो? पाणी हवं असेल तर झाडं लावायला हवीत. आम्ही पुण्यात एका टेकडीवर चौरस मीटरला तीन रोपं लावून दाट जंगल केलंय, दोन वर्षांत डोक्याच्या वर गेलं. तुम्हीही मधल्या जागेत देशी झाडं लावा, निसर्ग आपलं बघून घेईल.

वनपाल_ब्रह्मपुरी

सचिवबाई, तुम्ही मोजून आणलंत, त्याबद्दल आधी शाबास. लोक येतात आणि नुसतं "फार दाट आहे" म्हणतात. दाट म्हणजे किती, ते कुणाला सांगता येत नाही.

मी वनरक्षक म्हणून लागलो आणि वनपाल होऊन निवृत्त झालो. नोकरी सगळी चंद्रपूर-गडचिरोलीतच, आणि तीही बरीचशी सागातच गेली. तेव्हा तुमचा तुकडा न पाहताही मला दिसतोय.

आधी तुमच्या आकड्यांचं गणित करू. घेर मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, १२.५७ ने भागा. एका खोडाचं आडव्या छेदाचं क्षेत्र मिळालं. सरासरी घेर ४८ सेंटिमीटर धरला तर ९५० झाडांचं मिळून हेक्टरी साधारण १७ चौरस मीटर होतं. आता एवढंच क्षेत्र ३५० झाडांत वाटलं असतं, तर एकेकाचा घेर ७९ सेंटिमीटरच्या आसपास असता. म्हणजे जमिनीने जोर लावलाय, पण तो ९५० तोंडांत वाटला गेलाय. धानाच्या पऱ्ह्याची रोवणी लांबली की वाफ्यातच ते पिवळं पडतं, तसं हे झालंय.

तक्त्याप्रमाणे काय व्हायला हवं होतं तेही सांगतो. २ बाय २ म्हणजे हेक्टरी २५०० रोपं. पहिल्या विरळणीत एकाआड एक तिरपी ओळ काढायची, उरली १२५०. काही वर्षांनी दुसरी, उरली ६२५. इथवर डोकं लागत नाही, ओळीच मोजायच्या असतात. त्यानंतर मात्र झाड बघून निवड करायची. तुमच्याकडे पहिली झाली, दुसरी राहिली. १२५० ची ९५० झाली ती उरलेली आपणहून मेली म्हणून. भटक्या भाऊ म्हणतात तसं निसर्ग बघून घेतो हे खरं आहे, त्याची रीत इतकीच की कमजोराला वीस-पंचवीस वर्षं उपाशी ठेवून मारायचं. आणि तोवर बाकीचेही अर्धपोटीच.

आता पक्का आकडा. तो मी देणार नाही, कारण तसा आकडा नसतो. तक्ते वय, उंची आणि जमिनीची प्रत बघून बनवलेत आणि आपल्या जागी ते चांगलेच आहेत. पण ते बनले तेव्हाचा पाऊस त्यांच्या पोटात आहे. सप्टेंबरात पंधरा दिवस पाऊस नाही, मे महिन्यात आमच्या ब्रह्मपुरीला पारा ४७ वर, हे त्यांना ठाऊक नाही. म्हणून तक्त्यातून दिशा घ्या. किती कापायचं ते मात्र जागेवर ठरवा.

तरुण मंडळींना सांगा, एकदम अर्धी काढायची नाहीत. हे झाड एकमेकांच्या आधाराने उंच गेलंय, खोडात जोर नाही. शेजारी काढला की एप्रिल-मेच्या वादळात वाकणार, मोडणार. अचानक ऊन लागलं की सागाच्या खोडावर जागोजागी धुमारे फुटतात, त्याने लाकडाची प्रत जाते आणि शेंड्याचं अन्नही. आणि आजोबांचं म्हणणं तर शंभर टक्के बरोबर. मी असे कूप (तोडीचे तुकडे) पाहिलेत जिथे एका झटक्यात छत उघडलं आणि तिसऱ्या पावसाळ्यात माणूस आत शिरू शकला नाही, इतकी रायमुनिया आणि रानतुळस माजली. झाडं कापून वाचवलेलं पाणी मग त्या झुडपांनी प्यायलं. पैसे गेले ते वेगळेच, कारण ती उपटायला मजुरी लागते आणि तिच्यासाठी तरतूद कधीच नसते.

माझं ऐकाल तर कापायची झाडं शोधूच नका, आधी राखायची शोधा. हेक्टरी दोनशे झाडं. म्हणजे सरासरी सात मीटरला एक, पण दोरी लावून नव्हे, नजरेने. खोड सरळ असावं, बुंधा निरोगी असावा आणि हिरवा शेंडा उंचीच्या निदान तिसऱ्या हिश्श्याइतका असावा. हे शेवटचं महत्त्वाचं. ज्याचा शेंडा आखडून झुपका झालाय त्याला कितीही मोकळीक द्या, ते उठत नाही. राखायच्या झाडाला रंगाचा पट्टा मारा. मग त्याच्याखाली उभं राहून वर बघा, याच्या शेंड्यात कोण घुसतंय? जो सर्वांत जास्त घुसतोय तो एकच शेजारी काढा. बाकीच्या झाडांकडे ढुंकून बघू नका, ती राहू द्या, त्यांची सावली लागणार आहे. असं केलं की हेक्टरी दोनशेच्या आसपास झाडं जातात, म्हणजे शेकडा एकवीस. चार-पाच वर्षांनी परत या आणि परत तेच करा. थोडं काढायचं पण पुन्हा पुन्हा यायचं, एवढाच बदललेल्या पावसावरचा माझा इलाज आहे. एकदम मोठा घाव घातला आणि पुढची दोन वर्षं कोरडी निघाली तर परत फिरता येत नाही.

साग सोडून जे काही आत उगवलंय, वाकडं असो, खुजं असो, ते सगळं राखायचं. येन, बिजा, बेहडा, आवळा, अगदी गराडीसुद्धा. रोपवनात "इतर" म्हणून जी झाडं साफ केली जात, त्यांची पानं वेगवेगळ्या वेळी गळतात आणि लवकर कुजतात. आणि हेक्टरी दोन-चार वाळलेली, पोकळ झाडं उभी असू द्या, सुतारपक्षी आणि घुबडांना लागतात.

टेकाडावर, जिथे शेंडे वाळताहेत, तिथे मुरूम असेल. तिथे राखायची दोनशे झाडं मिळणारच नाहीत, ओढूनताणून शोधू नका. मेलेली-मरती थोडी काढा आणि सोडा. नाल्याच्या दोन्ही काठांना वीस मीटर कुऱ्हाड नकोच. तिथे जांभूळ, अर्जुन, उंबर यांच्या डोक्यावर साग बसला असेल तर तेवढाच अपवाद.

खुणा दसरा-दिवाळीच्या दिवसांत करा, पानं अंगावर असताना. फेब्रुवारीत नागडा साग पाहून कोण कुणाला दाबतंय ते कळत नाही. तोड डिसेंबर-जानेवारीत. बुंधे जमिनीलगत, किंचित उतरते कापा. त्यांना फुटवे येतीलच, सावलीत ते फार जोर धरत नाहीत. आणि फांद्या, पाला सगळं १५ फेब्रुवारीच्या आत झाडांच्या बुंध्यापासून दूर करा, कारण त्या तारखेपासून वणव्याचा हंगाम धरतात.

वणव्याचं मुद्दाम शेवटी ठेवलं, पण खरं तर तेच आधी करायचं आहे. सागाचं पान ताटाएवढं. त्यावर पावसाचे लहान थेंब जमतात आणि एकत्र होऊन मोठा थेंब पंधरा मीटरवरून खाली आपटतो. खाली पाचोळा असेल तर काही होत नाही. पाचोळा जळालेला असेल तर तो थेंब माती उडवतो, मातीची छिद्रं बुजतात, पाणी मुरायचं सोडून पळतं. तुमच्या नाल्याचं लाल पाणी ते हेच. मोहफुलं वेचायला बुंध्याखाली लावलेली आग आणि तेंदूला चांगला पाला फुटावा म्हणून लावलेली आग, ही दोन कारणं गावाच्या हातातली आहेत. रोपवनाभोवती जाळरेषा (आग अडवणारा मोकळा पट्टा) काढा, मोहाखाली जाळण्याऐवजी झाडून घ्या. हे तीन वर्षं पाळता आलं नाही तर विरळणी करूच नका, कारण मोकळ्या झालेल्या जागी गवत येतं आणि ते आणखी जोरात जळतं.

पानांची जाळी करणारी अळी दरसाल येणार. एकाच जातीचं ताट वाढून ठेवलं तर खाणारा येणारच. तिने झाड सहसा मरत नाही, त्या वर्षाची वाढ तेवढी कमी होते. औषध फवारायच्या भानगडीत पडू नका.

आणि भटक्या भाऊ, टेकडी उघडी होती म्हणून तुम्ही लावलंत, चांगलं केलंत. रोपांना टँकरचं पाणी दिलं असेल. इथे तीस हेक्टरला टँकर नाही.

सह्याद्री_भटक्या

टँकर होता, हे खरं. पहिली दोन वर्षं. वाचतोय, शिकतोय.

गॉटिंगनकर

मूळ गाव वर्धा, सध्या जर्मनीत गॉटिंगनला वनशास्त्र शिकतो आहे. वनपालकाकांचं सगळं पटलं. थोडी इकडची भर घालतो, कारण इथे हीच चूक फार मोठ्या प्रमाणावर भोगली जातेय.

आमच्या विद्यापीठापासून हार्त्सचे डोंगर जवळ आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे तोडलेल्या जंगलाच्या जागी मैलोन् मैल एकट्या स्प्रूसची (हे सूचिपर्णी झाड) लागवड झाली. सरळ वाढतो, लवकर वाढतो, लाकूड विकलं जातं, तुमच्या सागासारखीच सगळी कारणं. २०१८ ते २०२० अशी लागोपाठ कोरडी वर्षं आली. तहानलेल्या स्प्रूसला सालीखाली पोखरणाऱ्या भुंग्याला अडवण्याइतका चीक सोडता येईना. जानेवारी २०१८ ते एप्रिल २०२१ या काळात जर्मनीभरात सुमारे ५ लाख हेक्टरांवरचं झाडांचं छत गेलं, असं उपग्रहावरून मोजलं गेलं. ब्रोकेनच्या शिखराकडे जाताना आजही करड्या खोडांमधून चालावं लागतं. साग इतका नाजूक नाही, त्याला पानगळीची सोय आहे, कोरड्यात तो कपडे उतरवून उभा राहतो. पण एकाच वयाची, एकाच जातीची झाडं एकाच दिवशी अडचणीत येतात, हे दोन्हीकडे सारखंच.

विरळणीने दुष्काळ सोसण्याची ताकद वाढते याला बऱ्याच ठिकाणच्या प्रयोगांचा आधार आहे. पाण्याला वाटेकरी कमी, आणि छतात अडकून उडून जाणारा पाऊसही कमी. पण तो फायदा टिकाऊ नसतो. काही वर्षांत शेंडे पुन्हा भिडतात. अमेरिकेत मिनेसोटातल्या पाइनच्या दीर्घकाळ चाललेल्या प्रयोगांत तर उलटंही दिसलं: तरुणपणी विरळ ठेवलेली झाडं दुष्काळात चांगली तगली, पण तीच म्हातारी झाल्यावर त्यांचा शेंडा इतका मोठा झाला होता की कोरड्या वर्षी त्यांनाच जास्त झळ बसली. म्हणून काकांचं "थोडं आणि पुन्हा पुन्हा" मला पटतं, आणि त्याहून जास्त पटतं ते "साग सोडून सगळं राखा". झाडांच्या संख्येवर आपण फार बोलतो. पुढच्या पन्नास वर्षांत किती जाती उभ्या राहतात, यावर त्या तुकड्याचं भवितव्य जास्त ठरेल.

दोन कामं सुचवतो, खर्च जवळजवळ नाही. तीस हेक्टरांतले तीन हेक्टर अजिबात न कापता ठेवा, जमीन आणि उतार बाकीच्यासारखाच असलेले. चांगलं ते कापायला आणि वाईट ते ठेवायला, असं नको, नाहीतर तुलनेला अर्थ उरणार नाही. दोन्हीकडे पंचवीस-तीस झाडांवर १.३७ मीटर उंचीला रंगाची बारीक रेघ मारा आणि दर डिसेंबरला त्याच रेघेवर घेर मोजा. पाच वर्षांनी ग्रामसभेत वाद घालायची गरज पडणार नाही, वहीच उघडायची.

दुसरं, कापलेल्या बुंध्यांचे छेद बघा. सागाला वर्षाला एक अशी स्पष्ट वलयं येतात. भारतात फार थोड्या झाडांना ती इतकी स्वच्छ असतात, म्हणूनच पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत सागाच्या वलयांवरून जुन्या पावसाचा अभ्यास झालाय. बाहेरून आत मोजत जा. नव्वदच्या दशकातल्या त्या एका विरळणीनंतर वलयं रुंद झालेली दिसतील आणि मग कधीतरी एकदम अरुंद. त्या वर्षापासून गर्दी बोचायला लागली. अवकाळीने कधी एखादं खोटं वलयही उमटतं, तेव्हा एकाच छेदावर विसंबू नका, आठ-दहा बघा. टेकाडावरचे आणि नाल्याजवळचे वेगळे ठेवा.

इथे आणखी एक डोकेदुखी म्हणजे हरणं. स्प्रूसखाली बीच-ओकची रोपं लावली की ती खाऊन टाकतात, कुंपण घालावं लागतं. तुमच्याकडे हरणाच्या जागी गुरं असतील.

वनहक्क_साथी

चर्चा उत्तम चाललीय, पण कायद्याची बाजू कुणी घेतली नाही म्हणून लिहिते. सचिवताई, कुऱ्हाड उचलण्याआधी हे नीट समजून घ्या.

२००६ च्या वनहक्क कायद्यात ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकी आहे आणि त्यात बांबू स्पष्टपणे येतो. इमारती लाकूड येत नाही. दुसरीकडे कलम ३(१) मधल्याच एका खंडाने सामूहिक वनसंसाधनाचं रक्षण, पुनर्निर्माण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क दिलाय. विरळणी ही व्यवस्थापनाची कृती आहे हे उघड आहे, पण तिच्यातून निघतो तो साग. नेमकं इथेच बहुतेक गावांचं घोडं अडतं. गडचिरोलीतल्याच मेंढा लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाले, तरी स्वतःच्या बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती यायला २०११ उजाडलं. आणि तो तर बांबू होता, ज्याच्याबद्दल कायद्यात शंकेला जागाच नव्हती.

तेव्हा नुसत्या ग्रामसभेच्या ठरावावर हिरवा साग तोडू नका. गुन्हा दाखल झाला तर समितीतल्या साध्या माणसांच्या नावावर होतो. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार तुमच्या समितीने व्यवस्थापन आराखडा करायचा आणि तो वनविभागाच्या कार्य आयोजनेशी (वर्किंग प्लॅनशी) जोडला जायचा, अशी तरतूद आहे. त्या आराखड्यात हा तुकडा वेगळा दाखवा, मोजणीचे आकडे जोडा, काका म्हणाले ती पद्धत लिहा, न कापायचे तीन हेक्टर नकाशावर दाखवा. मग लेखी प्रस्ताव. खुणा करताना वनरक्षक सोबत असू द्या आणि पंचनामा तिथल्या तिथे करा. निघालेलं लाकूड कुठे जाईल, पैसे कुणाकडे जातील, गावाला निस्ताराला (घरगुती गरजेला) बल्ल्या आणि जळाऊ किती, हे तोडीआधी लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर जाऊ नका. आमच्या भागातल्या एका गावात ट्रक भरून गेल्यावर हिशेब मागितला, तो आजतागायत आलेला नाही.

सचिव_कुरखेडा

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचा प्रतिसाद मी परवा समितीच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवला. आजोबा इतके खूश झाले की "शंभर टक्के बरोबर" ही ओळ दोनदा वाचायला लावली.

वनहक्क_साथीताई, आराखडा अजून कच्चा आहे, त्यात हा तुकडा घालतो आहोत. घाई करणार नाही. यंदा फक्त जाळरेषा, राखायच्या झाडांच्या खुणा आणि न कापायच्या तीन हेक्टरांची आखणी. परवानगी आली तर तोड पुढच्या हिवाळ्यात.

आता बायांचा प्रश्न. त्या म्हणतात, झाडं काढून जागा होईल तिथे मोह आणि चार लावूया, म्हणजे दहा वर्षांनी तरी त्या सागाकडे जायला कारण मिळेल. रोपं आणायची का? दुसरं म्हणजे २०२१ पासून छत्तीसगडकडून हत्तींचा कळप आमच्या बाजूला येतो-जातो. कळप जवळ असला की सगळी कामं बंद पडतात. खुणा करायचं काम किती माणसांत आणि किती दिवसांत होतं याचा अंदाज द्याल का?

वनपाल_ब्रह्मपुरी

आजोबांना माझा रामराम.

बायांचं म्हणणं रास्त आहे, पण रोपं आणू नका. विरळणीनंतर दोन पावसाळे आधी नुसतं बघा काय आपसूक येतं ते. तुमच्या चारही बाजूंना मिश्र जंगल आहे, अस्वल, वानर, पाखरं बिया आणून टाकतातच. गुरं तेवढी बाहेर ठेवा. तेवढ्यानेच किती उगवतं हे पाहून तुम्हीच चकित व्हाल. जिथे काहीच आलं नाही तिथे मोहाचं बी टोचा. पण मोहाचं बी ठेवून चालत नाही. जूनमध्ये फळ पडलं की आठवड्याच्या आत मातीत गेलं पाहिजे, नाहीतर उगवणशक्ती जाते. तेलासाठी साठवलेल्या बियांतून घेऊ नका. चाराचं कवच कठीण असतं, हलकं फोडून लावावं लागतं, आणि त्यातही बरंच वाया जातं. मोहाला ऊन लागतं, तेव्हा दोन-तीन झाडं एकत्र निघाली असतील अशीच जागा निवडा. भर सावलीत लावलंत तर रोप येईल आणि तिथेच बसून राहील. आणि दहा वर्षांत मोहफुलं मिळतील असं बायांना सांगू नका, त्याहून जास्त लागतात.

हत्तींबद्दल माझा अनुभव नाही, माझ्या नोकरीत हत्ती नव्हते. वनरक्षकाकडून रोज सकाळी कळपाचा ठावठिकाणा घ्या आणि मगच आत जा. दुपारी चारला बाहेर.

खुणांना पाच जणांची टोळी पुरते. एक झाड निवडणारा, एक वर बघून वाद घालणारा (हा पाहिजेच), एक घेर मोजणारा, एक रंगवाला आणि एक वही धरणारी. पहिला दिवस एका हेक्टरातच जाईल, भांडणं होतील. नंतर हात बसला की दिवसाला दोन हेक्टर निघतात. निवडणारा दर दिवशी बदला, म्हणजे सगळ्यांची नजर तयार होते.

राखायच्या झाडाला पिवळा रंग, पूर्ण गोल पट्टा, चारी बाजूंनी दिसेल असा. लाल मुळीच नको. तोडीला येणारे मजूर लाल खूण म्हणजे कापायचं झाड असंच समजतात, आणि तुम्ही तिथे पोचेपर्यंत पाच-सहा चांगली झाडं आडवी झालेली असतात. कापायच्या झाडाला रंग न लावता बुंध्याशी आणि छातीच्या उंचीला सालीवर खूण करून क्रमांक टाका, शिक्क्याचा हातोडा मारायचं काम वनरक्षकाचं. दोन्ही खुणांचे क्रमांक वहीत समोरासमोर लिहा, या राखलेल्या झाडासाठी हे काढलं, असे. पाच वर्षांनी परत जाल तेव्हा ती वही लागेल.

सचिव_कुरखेडा

पिवळा रंग लिहून घेतला. एका हेक्टराला किती लागतो?

वनपाल_ब्रह्मपुरी

साल खरबरीत असली की रंग जास्त पितो. आधी खरवडणीने हलकं घासून घ्या, हिरवी साल उघडी पडू देऊ नका. एक लिटरचा डबा आणून पहिल्या हेक्टराला काय लागतं ते बघा, मग बाकीचा मागवा. उरलेला डबा पुढच्या वर्षी घट्ट होतो.